पेट्या वाढल्या, वसाहतींचे काय?

संघटनशक्तीचा दाखला देताना मधमाश्यांचे उदाहरण बौद्धिकांत हमखास येते. राणी आज्ञा करते आणि सहस्रावधी कामकरी माश्या ती शिरसावंद्य मानतात, असे चित्र रंगविले जाते. चित्र मोहक आहे, पण वास्तवाला धरून नाही. राणीमाशी कोणालाही आज्ञा करीत नाही. अंडी घालणे हे तिचे काम आणि तिच्या देहातून स्रवणारा गंध हे वसाहतीला बांधून ठेवणारे सूत्र. फुलोऱ्याकडे कोणी जायचे, नरांना केव्हा हाकलायचे, इतकेच काय, थकलेल्या राणीच्या जागी नवी राणी केव्हा घडवायची, हेही कामकरी माश्याच ठरवितात. म्हणून मधपाळाचे कौशल्य मध काढण्यात नसून हा निर्णय वेळेवर ओळखण्यात आहे.

नेमका हाच भाग शासकीय योजनांतून निसटतो. केंद्र शासनाने २०२० साली आत्मनिर्भर भारत अभियानांतर्गत मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपयांची घोषणा केली. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु यशाचे मोजमाप वाटलेल्या पेट्यांच्या संख्येवर होऊ लागले की घोटाळा सुरू होतो. पेटी दिल्याची पावती होते. तिच्यातील राणीचे वय कोण विचारतो? मग वर्षभरात परसातील पेटी ओस पडते, आणि ‘आमच्याकडे माश्या टिकत नाहीत’ असा निष्कर्ष काढून कुटुंब मोकळे होते.

माश्या टिकत नाहीत, कारण वसाहत दुबळी असते. कामाच्या हंगामात कामकरी माशीचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे. राणीचे अंडी घालणे मंदावले की जाणाऱ्यांची जागा घ्यायला कोणी उरत नाही. राणी मेलीच, तर कामकरी माश्या कोवळ्या अळीला राजान्न भरवून नवी राणी घडवितात. ती कोषाबाहेर येऊन, आकाशात नरांशी मीलन करून परतेपर्यंत आणि अंडी घालू लागेपर्यंत सुमारे तीन आठवडे जातात. त्याच दिवसांत पावसाची झड लागली तर मीलनाचे उड्डाणच होत नाही. वसाहतीत राणी घडविण्याजोगी अळीही उरली नसेल, तर कामकरी माश्या स्वतःच अंडी घालू लागतात. ती अफलित असल्याने त्यांतून केवळ नर निपजतात, आणि वसाहत संपते. एका घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी दिसली की समजावे, उशीर झाला!

यासाठी प्रत्यक्ष राणी शोधत बसण्याची गरज नाही. घराच्या तळाशी उभे असलेले एकेकच ताजे अंडे दिसले की राणी सुखरूप आहे. दर आठ-दहा दिवसांनी एवढे पाहणे कोणत्याही गृहिणीला सहज जमेल.

दुसरी चूक संख्येच्या मोहाची. एकाच्या दोन पेट्या केल्या की भरभराट झाली, असे वाटते. वस्तुतः दुबळ्या वसाहतीत बहुतेक माश्या पिलाव्याला ऊब देण्यातच गुंततात, मकरंदासाठी बाहेर पडणाऱ्या थोड्याच उरतात. वर मेणकिड्याला रान मोकळे. दोन दुबळ्या वसाहतींपेक्षा एक सबळ वसाहत अधिक मध साठविते. तेव्हा विभागणी करावी ती भरलेल्या पेटीची, आणि तीही पाऊस सरल्यावर. दुबळ्या वसाहती मात्र एकत्र कराव्यात. सरस राणी ठेवून दुसरी काढावी, दोन कोठ्यांमध्ये बारीक छिद्रे पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालावा. कागद कुरतडून संपेपर्यंत गंध एक झालेला असतो आणि भांडण होत नाही.

राणी कोणत्या जातीची, हा प्रश्नही गौण नाही. युरोपीय माशी १९६०च्या दशकात पंजाब-हिमाचलात रुजली. ती मध अधिक देते आणि मोहरीच्या विस्तीर्ण शेतांत ती शोभतेही. पण सह्याद्रीतील परसासाठी सातेरीच हवी. व्हरोआ या परोपजीवी कोळ्याशी तिचे सहजीवन युगानुयुगांचे. ती एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकते. युरोपीय माशीला हे तितकेसे साधत नाही. १९९१-९२ च्या सुमारास विषाणुजन्य ‘थाय सॅकब्रूड’ रोगाने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींची दाणादाण उडविली. पुढे ही माशी पुन्हा उभी राहिली ती तगलेल्या वसाहतींतूनच. बाहेरून राणी विकत आणण्यापेक्षा आपल्याच पंचक्रोशीतील निरोगी, शांत, घर न सोडणाऱ्या वसाहतीची संतती वाढविणे, हा स्वदेशीचा खरा अर्थ. त्यासाठी रानातील पोळी ओरबाडून पेट्या भरण्याची प्रथाही थांबली पाहिजे.

पुण्यात खादी आयोगाची मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरी मध संचालनालय आहे. अनुदानाचा दुसरा हप्ता पेटी दिल्यावर न देता दोन पावसाळे ओलांडलेली वसाहत पाहून द्यावा, असा आग्रह स्थानिक कार्यकर्त्यांनी धरण्यास कोणती अडचण आहे? आषाढ-श्रावणात साखरेचा पाक कोणी दिला आणि कोणी नाही, हे सप्टेंबरअखेर सोनकी फुलते तेव्हा पेटीचे झाकण उचलताच कळते.