हाताला दिसते, मनाला दिसत नाही

झाशीच्या जुन्या शहराच्या तटाला जे दरवाजे आहेत, त्यांपैकी एक दतिया गेट. सायकलला दुधाच्या किटल्या लटकवून एखादा दूधवाला अशा दरवाजातून निघतो. समोरून रिक्षा येते, वाटेत गाय उभी असते. तेवढ्यात ओळखीचे कोणी दिसले, की तो हसून रामरामही करतो. हँडल मात्र अचूक वळते. चेहरा ओळखणे आणि हँडल वळवणे ही दोन्ही कामे डोळ्यांचीच वाटतात, पण मेंदूत त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

हे उघड झाले एका दुर्घटनेमुळे. १९८८ मध्ये इटलीत राहणारी ३४ वर्षांची एक स्कॉटिश महिला स्नान करताना बेशुद्ध पडली. पाणी तापवण्याच्या उपकरणातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू न्हाणीघरात साठला होता. जीव वाचला, पण मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली. तिला रंग कळत, आकार मात्र ओळखता येत नसत. समोर धरलेली पेन्सिल उभी आहे की आडवी, हेही सांगता येईना. पण तीच पेन्सिल घ्यायला तिने हात पुढे केला आणि ती बरोबर पकडली!

डेव्हिड मिल्नर आणि मेल्विन गुडेल या शास्त्रज्ञांनी तिच्यापुढे टपालपेटीसारखी फट ठेवली. फट जशी कललेली आहे, तसे कार्ड धरून दाखवा म्हटले, की ती चुके. कार्ड आत टाका म्हटले, की हात आपोआप योग्य कोनात वळे. हे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूच्या मागच्या भागातून दोन वाटांनी पुढे जाते. खालची वाट कानशिलाकडे जाते. 'हे काय आहे' ते ती सांगते. वरची वाट माथ्याकडे जाते आणि हात कसा न्यायचा ते ठरवते. एरवी दोन्ही वाटा मिळून काम करतात, म्हणून फरक जाणवत नाही. हंगेरीचे डॉक्टर बालिंट यांनी १९०९ मध्ये उलट प्रकारचा रुग्ण नोंदवला होता. त्याला वस्तू ओळखता येत, पण ती घेताना उजवा हात भलतीकडे जाई.

असे रुग्ण विरळाच. तरीही मेंदूला इजा झालेली एखादी व्यक्ती समोरचा पेला ओळखत नाही, पण तो नीट उचलते, असे दिसले तर 'मुद्दाम करतात' असा शिक्का मारू नये. ते ढोंग नसून इजेचा परिणाम असू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. वस्तू हातात दिल्यास किंवा रंगावरून खूण सांगितल्यास अशा व्यक्तीला मदत होते.

आणि एक खबरदारी प्रत्येक घरासाठी. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा आणि हवा खेळती ठेवावी. स्नान करताना डोके जड झाले, चक्कर आली तर लगेच बाहेर यावे.