अर्थ सांगावा सोप्या शब्दांत

आपल्या निंबर्ग्याच्या मुलांच्या कानांवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा पडतात. ही मोठी शिदोरी आहे. तरीही इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, की पुष्कळ मुले पाठ केलेले उत्तर देतात. 'थर्स्ट' म्हणजे 'डिझायर टू ड्रिंक'. मग 'डिझायर' म्हणजे काय? येथे मूल गप्प होते. असे मूल परीक्षेत गुण मिळवते, पण चार वाक्ये बोलायला भिते.

मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात काम करताना बंगालमधील मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास केला. पुढे १९३५ साली त्यांनी सहकाऱ्यासह कोश काढला. त्यात सुमारे २४ हजार शब्द व वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या १,४९० सोप्या शब्दांत सांगितले होते. १९८७ च्या 'कोबिल्ड' कोशाने तर अर्थ पूर्ण वाक्यात दिले. त्याच धर्तीवर मुलाला 'व्हेन यू आर थर्स्टी, यू वाँट टू ड्रिंक' असे सांगितले, तर ते लगेच समजेल.

आमच्या मते याच्या जोडीला घरची भाषाही हवी. 'राइस' हा एकच इंग्रजी शब्द घ्या. दुकानातून आणतो ते तांदूळ, ताटात वाढतो तो भात. कन्नडमध्येही अक्की वेगळी आणि अन्न वेगळे. हा फरक ज्या मुलाला सांगता येतो, त्याला 'राइस' खरा कळला. 'अंकल'चेही तसेच. काका, मामा, आत्याचे यजमान, सगळे त्या एका शब्दात बसतात.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी आणि आठवड्याला पाच नेहमीचे शब्द घ्यावेत. प्रत्येक शब्दापुढे मराठी व कन्नड अर्थ आणि स्वतः रचलेले एक सोपे इंग्रजी वाक्य लिहावे. धाकट्या भावंडाला समजले, तर अर्थ बरोबर सांगितला असे समजावे.

पालकांनो, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. रोज वही उघडून "म्हणजे काय रे?" एवढे विचारा. उत्तर तुम्हांला पटेपर्यंत मुलाला सोडू नका. विश्वस्त मंडळाने प्रत्येक वर्गाला विद्यार्थ्यांसाठीचा एक सोपा कोश द्यावा, ही नम्र विनंती. तो कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाताशी असावा.