दोन ओळींत न मावणारे दीक्षित गुरुजी

संपादक महोदय,

आपल्या अंकातील दिवंगतांच्या स्मरणलेखात सिनेनट, गायक, उद्योगपती यांना पानेच्या पाने मिळाली, पं. लक्ष्मीकांत दीक्षित यांना मात्र 'राममंदिराचे पुरोहित' एवढ्या दोन ओळी. काशीतल्या आमच्या ब्रह्मा घाटावरून हे वाचताना जिवाला लागले, म्हणून हे पत्र.

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत प्राणप्रतिष्ठेचे ते मुख्य आचार्य होते, हे खरेच. बरोबर पाच महिन्यांनी, २२ जूनला ते गेले. काशीच्या मणिकर्णिका घाटावर अंत्यसंस्कार झाले. पण त्यांची ओळख त्या एका दिवसाची नव्हे. घराणे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे, पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेले. गुरुजी शुक्ल यजुर्वेदाचे जाणकार आणि सांगवेद विद्यालयातले ज्येष्ठ अध्यापक.

या वेदाच्या पठणात स्वर नुसता गळ्यातून येत नाही, हातानेही दाखवतात. उदात्ताला, म्हणजे उंच स्वराला हात वर; अनुदात्ताला, म्हणजे खालच्या स्वराला खाली. आठ-दहा वर्षांचा पोरगा मंत्र म्हणता म्हणता चुकला, की आधी त्याचा हात अडखळतो, मग जीभ. ही विद्या पुस्तकातून येत नाही. समोर गुरू बसावा लागतो. असा गुरू गेला की काय जाते, ते लेखात यायला हवे होते.

काशीतली मराठी माणसे महाराष्ट्राला तीर्थयात्रेपुरतीच आठवतात का? पुढील अंकात गुरुजींवर सविस्तर लेख द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक जुना वाचक, ब्रह्मा घाट, वाराणसी