परळच्या पुढे वाट कोणाची?

कुर्ल्यापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत रेल्वेचे पाचवे व सहावे रूळ टाकावयाचे, हा संकल्प मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातला. त्यास मंजुरी मिळून दीड दशक उलटून गेले. त्याच टप्प्यातील ठाणे-दिवा रूळ १८ फेब्रुवारी २०२२ रोजी खुले झाले आणि कल्याणपासून कुर्ल्यापर्यंत सहा रुळांची वाट सलग झाली. परंतु कुर्ल्याच्या अलीकडे, म्हणजे गर्दी जेथे सर्वांत दाट होते तेथेच, ही वाट चार रुळांवर येते. आणि तोवर आपल्या स्वतंत्र रुळांवरून आलेली उत्तरेची, दक्षिणेची वा पुण्याकडची लांब पल्ल्याची गाडी जलद लोकलच्या रुळांवर शिरते. एक मेल उशिरा आली की तिच्यामागे बदलापूरची, टिटवाळ्याची, डोंबिवलीची लोकल खोळंबते. या खोळंब्याला रेल्वेखाते ‘तांत्रिक कारण’ असे नाव देते. आमच्या मते कारण तांत्रिक नसून निर्णयाच्या अभावाचे आहे.

हा मार्ग साडेसतरा किलोमीटरांचा. त्यापैकी कुर्ला ते परळ हा सुमारे दहा किलोमीटरांचा भाग आणि परळ ते टर्मिनस हा सुमारे साडेसात किलोमीटरांचा भाग, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांना एकाच दाव्यात गोवल्यामुळे दोन्हींचा निकाल लांबला. पहिल्या भागात अडचणी नाहीत असे नव्हे. कुर्ल्यास हार्बरचे फलाट वर उचलावे लागतात, तेव्हा खाली जागा मोकळी होते. शीवचा १९१२ सालचा पूल नव्या रुळांच्या आड येत होता. तो १ ऑगस्ट २०२४ पासून वाहतुकीस बंद करून पुनर्बांधणीस घ्यावा लागला आणि त्याचा ताप शीव-धारावीच्या रहिवाशांनी सोसला. पण या अडचणी पैशाने व निर्धाराने सुटणाऱ्या आहेत. परळच्या पुढची गोष्ट निराळी. करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद या स्थानकांच्या दोन्ही अंगांनी वस्ती रुळांपर्यंत येऊन भिडलेली आहे. भायखळ्याची इमारत १८५७ सालची. तिच्या जीर्णोद्धाराची युनेस्कोने २०२२ साली दखल घेतली. तेथे आणखी दोन रूळ घालावयाचे म्हणजे शेकडो बिऱ्हाडे हलवावयाची आणि त्यासाठी पुन्हा वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढावयाच्या.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की पाचवा व सहावा रूळ परळपर्यंतच आणावा, तेथे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे टर्मिनस उभारावे आणि परळच्या पुढचे चारही रूळ संपूर्णपणे उपनगरी वाहतुकीस द्यावेत. परळला रेल्वेच्या स्वतःच्या मालकीची विस्तीर्ण वर्कशॉपची जागा आहे. ज्या जागेसाठी कोणाचेही घर पाडावे लागत नाही, ती डोळ्यांसमोर असताना दुसऱ्याच्या भिंतीवर खुणा करीत हिंडणे हे नियोजन नव्हे. टर्मिनसच्या १८ फलाटांपैकी उपनगरी गाड्यांना आज ७ मिळतात. उरलेल्यांतील चार-सहा फलाट मोकळे झाले तर ज्या लोकलना आज दादर वा कुर्ल्याहून परत फिरावे लागते, त्यांतील काही शहराच्या गाभ्यापर्यंत येऊ शकतील.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बोरीबंदर हे मुंबईचे महाद्वार, तेथून गाडी सुटत नाही म्हणजे शहराची शान गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी येथून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, याचा अभिमान आम्हांसही आहे. पण कलकत्ता मेल कोठून सुटते यावर शहराची शान ठरत असेल, तर दारात लोंबकळून येणाऱ्या कारकुनाच्या जिवाचे मोल त्या शानेत कोठे बसते? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांवर आपटून खाली पडली व काही प्राणास मुकली. मुंबईच्या उपनगरी रुळांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली. युद्धातही एवढी हानी झाली तर लोकसभेत चर्चा होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पुण्याहून डेक्कन क्वीनने व नाशिकहून पंचवटीने पास काढून रोज येणारे नोकरदार हे नावापुरतेच ‘लांब पल्ल्याचे’ प्रवासी. वस्तुतः तेही उपनगरीच. त्यांच्या मोजक्या गाड्या टर्मिनसपर्यंत येऊ द्याव्यात. मात्र हा अपवाद खासदारांच्या शिफारशींनी वाढत जाणार नाही, याची हमी वेळापत्रकातच हवी. उरलेल्या प्रवाशांपैकी पुष्कळांना परळ गैरसोयीचे नाहीच. गावाकडून टाटा, के. ई. एम. वा वाडिया रुग्णालयात येणारा रोगी आज पुढे बोरीबंदरला जातो किंवा दादरच्या गर्दीत उतरतो. त्याला रुग्णालयाच्या दाराशी उतरविण्यास कोणाची हरकत असावी?

परंतु परळचा पर्याय सुचविताना एक गोष्ट विसरता येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच ठिकाणी, परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या अरुंद जिन्यावर, २३ माणसे चेंगरून मेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, माणसे दसपट आली, जिना मात्र गिरणीच्या काळातलाच राहिला. त्याच जागी बोचकी-ट्रंका घेतलेला प्रवासी आणून सोडावयाचा असेल तर आधी रुंद पूल, पश्चिम रेल्वेशी थेट जोड, टॅक्सी व बसगाड्यांना आत येण्याजोगा रस्ता आणि परळला थांबणारी जलद लोकल, ही चार कामे झाली पाहिजेत. टर्मिनस आधी व जिना मागाहून, हा क्रम आम्ही मान्य करणार नाही.

तसेच गाड्या परळला थांबल्या तरी त्यांचे रिकामे रेक धुण्या-तपासण्यासाठी वाडीबंदर व माझगावच्या यार्डांकडे जाऊ लागले, तर रूळ मोकळे झाल्याचे समाधान कागदावरच राहील. यार्डाची सोय परळ-कुर्ल्याच्या टापूतच करावी लागेल. ती होईपर्यंत रेकांची ने-आण रात्रीच्या शांत वेळेत बसवावी.

स्थानक मागे घेतल्याने काय होते याचा एक धडा या शहराने घेतलेला आहे. पश्चिमेच्या जुन्या रेल्वे कंपनीची गाडी कुलाब्यापर्यंत जात असे. १९३० अखेर ते स्थानक बंद झाले, वाट चर्चगेटला खुंटली. कफ परेडला रेल्वेचा डबा पुन्हा पोहोचावयास ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला, तोही जमिनीखालून आणि ३७ हजार कोटींच्या मेट्रोने. हा दाखला आमच्यावरच उलटविला जाईल हे आम्ही जाणतो. पण तेथे रूळच उखडले गेले. येथे एकही रूळ उखडावयाचा नाही, केवळ त्यांवर कोणी धावावे हे ठरवावयाचे आहे. उखडलेली वाट परत मिळविणे किती महाग पडते हे कुलाब्याने दाखविलेच आहे. म्हणून बंदराच्या जमिनींवर मनोरे उठण्यापूर्वी वडाळ्यापासून दक्षिणेकडे रेल्वेपुरती एक पट्टी राखून ठेवावी, अशी आमची पुरवणी मागणी आहे. आणिक आगार ते गेटवे ऑफ इंडिया या मेट्रोस राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये संमती दिली हे ठीक. पण तिने कल्याण-कर्जतचा भार हलका होणार नाही, आणि तसे भासवून रेल्वेचे काम मागे सारले जाऊ नये.

रेल्वेमंत्रालयाने परळ-टर्मिनस हा भाग योजनेतून अधिकृतपणे वगळावा आणि त्यासाठी धरलेला निधी परळच्या टर्मिनसकडे वळवावा. रुळांलगतच्या ज्या कुटुंबांना शीव-कुर्ल्याच्या बाजूस हलावेच लागेल, त्यांना माहुलसारख्या दूरच्या कोपऱ्यात न टाकता त्याच वॉर्डात घर द्यावे, आणि ते घर पाहून त्यांनी किल्ली हाती घेतल्यावरच जुन्या भिंतीस हात लावावा.