घरचे औषध : गुळवेल कडू खरी, पण बेतानेच

बारामती-इंदापूरकडे कालव्याच्या कडेला किंवा बांधावरच्या कडुनिंबाकडे जरा नजर टाका. सुतळीसारखी मुळे खाली सोडून वर चढलेली गुळवेल कुठे ना कुठे दिसेलच. नावात गूळ, पण चव कडूजहर! भूक मंदावली, तोंडाची चव गेली, ताप उतरूनही अंगात कणकण राहिली, की आपल्या आयाबाया हिचाच काढा देत आल्या. आयुर्वेद हिला गुडूची, अमृता म्हणतो.

पण अमृतालाही माप असते. करोनाच्या साथीत घरोघर रोज काढे उकळले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईच्या डॉक्टरांना यकृत बिघडलेले सहा रुग्ण आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते. हा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने तो मान्य केला नाही; तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे. वाद तज्ज्ञांचा, आपण दोघांच्याही सांगण्यातून शहाणपण घ्यावे.

पहिली गोष्ट ओळखीची. खऱ्या गुळवेलीचे पान विड्याच्या पानासारखे. खोडाची पातळ साल सोलली की आत हिरवे, आडवे कापले की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. खोडावर फोडांसारख्या दाट गाठी असतील, कापल्यावर दुधासारखा चीक येत असेल, तर ती वेल घेऊ नका.

दुसरी गोष्ट जागेची. द्राक्षे, डाळिंब, ऊस यांच्या फवारणीच्या वाऱ्यात सापडलेली वेल औषधाला तोडू नका.

तिसरी मापाची. ग्रंथातले प्रमाण चूर्णाचे, दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. वैद्य सांगतील तितके दिवस घ्या आणि थांबा. चहासारखा बारमाही काढा नको.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुले, यकृताचे किंवा आमवाताचे जुने रोगी यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर साखर एकदम उतरू शकते.

काढा घेताना भूक उलट मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी काढा बंद करा आणि दवाखाना गाठा. काविळीवरचे औषध म्हणून आणखी गुळवेल पाजत बसू नका. काय प्यालात ते डॉक्टरांना सांगा. 'घरचेच तर होते' म्हणून लपवू नका. वेलीचा तुकडाही बरोबर न्या.