सेव्ह करू की नको?

कबूल करा, तुम्हीही करता. कोपरा आला, सेव्ह. दोन शत्रू पडले, सेव्ह. दार उघडायच्या आधी सेव्ह, उघडल्यावर परत सेव्ह. 'हाफ-लाइफ २' खेळताना माझं बोट एफ-सिक्सवरून हलतच नव्हतं. गेम संपला, मजा आली, पण घाम काही फुटला नाही.

घाम फुटायचा तो 'प्रोजेक्ट आयजीआय'मध्ये. २००० साली आलेल्या या गेमपायी आपल्यापैकी कितीजणांचा पॉकेटमनी सायबर कॅफेत गेला असेल! मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. वीस मिनिटं दबकत, कॅमेरे चुकवत पुढे जायचं आणि टॉवरवरच्या पहारेकऱ्यानं टिपलं की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या खुर्चीतला मित्र वर म्हणणार, "अरे, घाई कशाला केलीस?" कीबोर्ड त्याच्याच डोक्यात घालावासा वाटायचा.

आता जरा हिशेब करू. समजा, मिशनमध्ये दहा अवघड जागा आहेत आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही दहातून आठ वेळा वाचता. म्हणजे तसे बरेच खेळता. तरी दहाही जागा एका दमात पार पडण्याची शक्यता उरते जेमतेम अकरा टक्के. दर जागेनंतर सेव्ह केलंत तर? सरासरी दोन-तीन प्रयत्न जादा, बस्स! शत्रू तेच, बंदूक तीच, गेम मात्र दुसराच.

शिवाय आपलं वागणंही बदलतं. मेलो तर दहाच सेकंद वाया जाणार असतील, तर विचार कोण करतो? गोळ्या जपून वापरा, मागे सरका, दुसरी वाट शोधा, ही सगळी अक्कल कपाटात. धाडकन घुसायचं, नाही जमलं की लोड.

गेम बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये (१९९६) सेव्ह करायला टाइपरायटर आणि शाईची रिबन लागायची, आणि रिबनी मोजक्याच. 'हिटमॅन २'मध्ये (२००२) नॉर्मलला एका मिशनमागे सात सेव्ह, एक्स्पर्टला दोन, प्रोफेशनलला शून्य! 'एक्सकॉम: एनिमी अननोन'च्या (२०१२) आयर्नमॅन मोडमध्ये तर एकच सेव्ह, तोही आपोआप होणारा. लाडका सैनिक गेला की गेला.

पण बॉस, आपण आता कॉलेजात नाही. रात्री साडेनऊला घरी पोचायचं, हातात अर्धा तास. त्यात वीस मिनिटांची मेहनत पाण्यात गेली तर ऑफिसात आणि गेममध्ये फरक काय राहिला? सेव्ह हवाच. फक्त उठायचं आहे म्हणून सेव्ह करणं वेगळं आणि हरायचंच नाही म्हणून करणं वेगळं.

म्हणून मी एक नियम केलाय. मिशनच्या सुरुवातीला एक सेव्ह, साधारण मध्यावर एक. फोन वाजला किंवा झोप अनावर झाली तर आणखी एक, पण तो फक्त परत येऊन बसण्यापुरता. मेलो तर त्याला हात लावायचा नाही.

पहिल्या रात्री जाम चिडचिड झाली. दुसऱ्या रात्री चक्क चीटिंग केलं. चौथ्या रात्री एका बंद दाराशी मी मिनिटभर कान देऊन उभा होतो. पलीकडे पावलं वाजत होती आणि माझे तळहात ओले झाले होते.

कित्येक वर्षांनी!