आधी खाट टाका, मग बोला

खेड्यातल्या ख्रिस्ती बोर्डिंग हायस्कूलचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच रेकॉर्ड वाजतात. एक, "सगळा बाटवाबाटवीचा धंदा". दुसरी, "अहो, मिशनरी नसते तर आपण शिकलोच नसतो". मला दोन्हींचा कंटाळा आलाय. माझी आई अशाच एका लहानशा बोर्डिंगात दहावीपर्यंत शिकली. घरापासून हायस्कूल लांब, एसटी दिवसातून एकदा आणि तीही आली तर. आजोबांनी धर्माचा नाही, अंतराचा विचार केला. आई आजही एकादशी करते आणि भाकरी थापताना उपासनासंगीतातलं एखादं गाणं गुणगुणते. तिला त्यात विसंगती वाटत नाही. वाटते ती आमच्या ऑफिसातल्या, पुण्यात शाळेसमोर राहून शिकलेल्या मंडळींना!

तर मुद्दा असा, की बोर्डिंगमध्ये प्रार्थना किती वेळा होते हे मोजणारे पुष्कळ. खाटा किती आहेत हे कोणी मोजत नाही. खेड्यातल्या पोरीला दहावी करायची तर पुस्तकाच्या आधी लागतं काय? रात्री दिवा, दोन वेळचं जेवण, आणि "पाणी भरून ये गं" म्हणणारं कोणी नसलेले दोन तास. बोर्डिंग म्हणजे एवढंच.

हे भांडण जुनं आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. मुली त्यांच्या खाजगी प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला. 'केसरी' तुटून पडला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला शेतजमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे शिक्षण होतं, विणकाम होतं, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होतं. आणि हो, ते उघडपणे ख्रिस्ती होतं, पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. हे झाकून रमाबाईंना नुसत्या 'समाजसुधारक' करणारेही मला पटत नाहीत. ज्या श्रद्धेवर त्यांनी ते सगळं उभं केलं ती कापून टाकायची आणि फोटोला हार घालायचा, हे कसलं कौतुक?

पण त्या गदारोळाला खरं उत्तर दिलं कोणी? अग्रलेखांनी नाही. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्येच लग्न केलं आणि १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग काढलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट टाकणारे शंभर, पॅच देणारे हे दोघं.

मग प्रार्थनेचं काय? त्याचं उत्तर राज्यघटनेतच आहे. कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. माझी मागणी साधी आहे. प्रवेशाच्या गठ्ठ्यात अंगठा घेऊन उरकलेली संमती नको. मराठीत समजावून सांगितलेली हवी, आणि 'नाही' म्हणणाऱ्या पोरीची खाट शाबूत राहिली पाहिजे. मिशनवाल्यांनो, हे तुम्हाला जड जाऊ नये. सक्तीने जोडलेल्या हातांना प्रार्थना म्हणत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि विरोधकांनो, तुमच्यासाठी एक प्रश्न. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. नववी-दहावीचं काय? त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. म्हणजे अंतर आठवीच्या आतच वाढायची भीती. वाडीवरची पोरगी जाणार कुठे? सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर? कधीकधी तिचं लग्न लावतात. तुमच्या धर्मरक्षणाच्या हिशेबात ही पोरगी कुठल्या रकान्यात येते?

एखादं मिशनचं बोर्डिंग बंद पाडायचं असेल तर माझी हरकत नाही. आधी त्याच्या शेजारी तितक्याच खाटांचं, तितक्याच फीचं, रात्री दिवा लागणारं दुसरं उभं करा. पोरी आपसूक येतील. तोवर जरा गप्प बसा, आत अभ्यासाचा तास चालू आहे.